पाणी वाजेपर्यंत

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी डबा आहे, पण जेवणाचा नाही. माझा निळा रंग, खांद्यावर अडकवायचा पट्टा आणि जाडजूड झाकण पाहून आजवर कितीतरी जणांनी "काय आणलंय खायला?" असे विचारले आहे. माझ्या पोटात आयुष्यभर लस राहिली. लहान बाळांच्या मांडीत टोचतात ती. आता मी म्हातारा झालो आहे. माझी एक बिजागरी तुटली आहे आणि तळाला वीतभर लांब ओरखडा आहे. बिजागरी वयाने गेली, तिचे काही नाही. ओरखड्याची मात्र गोष्ट आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी साच्यातून माझे बाहेरचे अंग निघाले, मग आतले. दोन्हींच्या मधल्या फटीत कोणीतरी पातळ द्रव ओतला. तो बघता बघता दुधासारखा वर आला, आता उतू जातो की काय असे वाटले, आणि जागच्या जागी घट्ट झाला. त्या गोठलेल्या फेसामुळेच मी मी आहे. बाहेरचे ऊन मी आत येऊ देत नाही आणि आतली थंडी बाहेर जाऊ देत नाही. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझे झाकण चारदा लावले, चारदा काढले, पोटावर टिचकी मारली आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा चांगला घट्ट आहे. याच्या पोटातलं काही बाहेर यायचं नाही." मला ती शाबासकी वाटली. पुढे कितीतरी वर्षे मी त्या एका वाक्यावर फुशारलो.

कारखान्यातून मी एका आरोग्य केंद्राच्या कोठारात आलो. तिथे मला शिपाई मामा भेटले. मामांचे वय पन्नाशीला टेकलेले, मिशी पांढरी, आणि हात मात्र एखाद्या आईसारखे हलके. काम संपले की ते मला साबणाने धूत, पालथा घालत आणि झाकण उघडे ठेवून वाळवत. "ओला डबा बंद केला की आठ दिवसांत त्याला वास मारतो," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत. माझे चार सोबतीही त्यांच्याच ताब्यात होते. हे सोबती म्हणजे चार आइस पॅक, पाणी भरून गोठवलेल्या चपट्या बाटल्या. माझ्या चार भिंतींना चार उभे करायचे आणि मधल्या जागेत लसीच्या इवल्याशा बाटल्या ठेवायच्या, अशी आमची मांडणी.

आता तुम्हाला वाटेल, गार ठेवायचे म्हणजे जितके गार तितके बरे. इथेच भलेभले फसतात. आमची लस होती घटसर्प आणि डांग्या खोकल्यासारख्या आजारांवरची. ती उन्हाला घाबरते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण ती गोठण्यालाही तेवढीच घाबरते. म्हणून फ्रीझरमधून काढलेला आइस पॅक तसाच माझ्या पोटात ठेवायचा नसतो. तो आधी टेबलावर मांडून ठेवायचा. सुरुवातीला त्याच्यावर पांढरे दव धरते. मग त्याला घाम फुटतो. मग तो कानाशी धरून हलवला की आत पाणी वाजते, बर्फाच्या गोळ्याभोवती अगदी थोडेसे पाणी. ते वाजले की मगच त्याला आत घ्यायचे. तोवर थांबायचे. मामा म्हणत, "साहेब नुकतेच वरून आलेत, कडक आहेत. घाम येऊ दे त्यांना, मग बोलू."

दरवर्षी समुद्र शांत असण्याच्या दिवसांत आमची दूरच्या बेटांवर फेरी असे. त्या वर्षी फेरीवर मामांबरोबर नव्या सिस्टर निघाल्या. सिस्टर तरुण होत्या. त्यांची मुलगी चौदा महिन्यांची होती आणि ती पहिल्यांदाच आईशिवाय राहणार होती, दहा दिवस. सासूबाई मुलीला कडेवर घेऊन धक्क्यावर निरोप द्यायला आल्या होत्या. मुलीच्या अंगात स्वेटर, डोक्याला टोपी, पायांत मोजे. सकाळचे दहा वाजले होते आणि धक्क्यावरचे कुत्रे सावली शोधत होते.

"आई, फ्रिजवर कागद लावलाय, त्यात सगळं लिहिलंय," सिस्टर म्हणाल्या. "दुपारी झोपताना पंखा दोनवर ठेवा, तीनवर नको. आणि पाणी उकळून गार केलेलंच द्या."

"वाचलं मी. चौदा कलमं आहेत," सासूबाई म्हणाल्या. "अगं, तुझा नवरा मीच वाढवलाय. आहे ना अजून?"

लाँच सुटली. सिस्टरांनी मला दोन्ही पावलांच्या मध्ये धरून ठेवले होते. किनारा दिसेनासा होईपर्यंत त्या तिकडे बघत होत्या, आणि नंतर त्यांनी माझे झाकण नीट बसले आहे का ते सहा वेळा तपासले. मी मोजले.

मोठ्या बेटावर आमचा मुक्काम होता. तिथल्या छोट्या दवाखान्यात लसीचा फ्रिज आणि फ्रीझर होता. दवाखान्याला लागून पाहुण्यांची खोली होती, ती सिस्टरांना मिळाली. मामांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात खाट टाकली. सिस्टरांच्या खोलीत एक पंखा होता, तो प्रत्येक फेरीला एकदा खट् असे करी. एक आरसा होता, त्यात माणसाला आपली हनुवटी तेवढी स्वच्छ दिसे. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती, पण हवेतच इतके मीठ की त्या दोरीवरचे कपडे तीन दिवस झाले तरी दमटच. आगपेटीतल्या काड्या ओढल्या की नुसत्या मऊ होत. साखरेच्या डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून मामांनी तो पाण्याच्या ताटलीत उभा केला, तर दुसऱ्या दिवशी मुंग्या भिंतीवरून आल्या. "शिकलेल्या दिसतात," मामा म्हणाले आणि त्यांनी तसाच चहा केला.

रोज सकाळी होडीवाले काका आम्हाला एकेका बेटावर नेत. होडीवाले काका बुटके, काळेसावळे आणि कायम घाईत. घड्याळ त्यांच्या हातात नव्हते, डोक्यात होते. दुपारपर्यंत बाळे टोचून व्हायची, संध्याकाळी परत. मग मामा मला धूत आणि सिस्टर धक्क्याच्या टोकाला जात. फोनला तिथेच रेंज मिळे, तीही एका दगडावर चढले तर. मी धक्क्यावर पालथा वाळत पडलेला असे, म्हणून मला सगळे ऐकू येई.

"जेवली का? किती? खोकतेय का? फोन द्या ना तिला."

पहिले दोन दिवस सासूबाईंनी फोन मुलीच्या कानाला लावला. आईचा आवाज ऐकताच पोरीने जे भोकाड पसरले ते मला फोनशिवायही ऐकू आले असते. तिसऱ्या दिवसापासून सासूबाई म्हणू लागल्या, "आत्ताच झोपलीय." रोज संध्याकाळी बरोबर साडेपाचला झोपणारे मूल मी तरी कुठे पाहिलेले नाही. सिस्टरांनीही पाहिले नसावे. त्या दगडावरून उतरत आणि माझे झाकण पुसत बसत.

त्यांची सगळी काळजी मग माझ्यावर येई. माझ्या पोटात एक छोटा थर्मामीटर असे. तो बघायला त्या घटकेघटकेला झाकण उघडत. चौथ्या दिवशी ऊन असे होते की वाळूवर पाय ठरेना. झाकण उघडून उघडून दुपारपर्यंत माझ्यातला बर्फ संपला, आतली लस तापली आणि उरलेल्या बाटल्या टाकून द्याव्या लागल्या. एक आई बेटाच्या दुसऱ्या टोकावरून बाळ घेऊन आली होती. तिला तसेच परत जावे लागले.

"सिस्टर, दर पाच मिनिटांनी थर्मामीटर लावला म्हणून ताप उतरत नाही," मामा हळूच म्हणाले.

सिस्टर हसल्या नाहीत. ती आई वळून जाताना त्यांनी पाहिली होती. तेव्हापासून त्यांच्या मनाने एकच घेतले, की डबा तापता कामा नये. काहीही होवो, तापता कामा नये.

शेवटचे बेट सगळ्यात लांबचे होते. उघड्या होडीतून तीन तास. तिथे बावीस बाळे वाट पाहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी नेणारी लाँच सुटणार होती, आणि पुढची थेट आठ दिवसांनी होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत समुद्र खवळायचा मोसम लागणार, मग चार महिने त्या बेटाकडे कोणी फिरकणार नव्हते.

त्या सकाळी सिस्टरांनी आइस पॅक बाहेर काढले आणि होडीवाले काका दारात येऊन उभे राहिले.

"ताई, चला. त्या बेटाला धक्का नाही. भरती आहे तोवर होडी वाळूपर्यंत जाते, नंतर मग कमरेएवढ्या पाण्यातून चालायचं. खाली सगळे धारदार दगड आहेत."

"पॅकना अजून घाम नाही सुटला," मामा म्हणाले.

सिस्टरांनी एकदा बाहेरच्या उन्हाकडे पाहिले. "तीन तास उन्हात जायचंय मामा. जास्त थंड असलेलं बरंच आहे. वाटेत सुटेल घाम."

चारही पॅक पांढरेफटक, दगडासारखे कडक, तसेच माझ्या पोटात आले. मला हुडहुडी भरली. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण मी घट्ट डबा. माझ्या पोटातले काही बाहेर येत नाही. तीन तास मी ती थंडी इमानाने आत धरून ठेवली, आणि ज्या बाटल्यांना जपायचे त्यांच्याच अंगाशी ती थंडी लावून ठेवली. ज्या गुणासाठी मला शाबासकी मिळाली होती, त्याच गुणाने त्या दिवशी मी घात केला.

बेटावरच्या शाळेच्या व्हरांड्यात आया रांगेने बसल्या होत्या. काही पहाटेच्या कामावरून तशाच उठून आल्या होत्या. नारळ सोलून आलेल्या एकीच्या हाताला सोडणाचे धागे चिकटलेले होते. दुकानवाल्या मावशींनी आपल्या दुकानातले टेबल आणून दिले होते आणि त्यामुळे सगळा कार्यक्रम आपलाच आहे अशा थाटात त्या उभ्या होत्या.

सिस्टरांनी झाकण उघडले. कडेची बाटली उचलली. आत पांढरा, गच्च बर्फ. दुसरी उचलली, ती पातळ होती. तिसरीही पातळ. पण सिस्टरांचा हात तिथेच थांबला. जी बाटली गोठलेली दिसत नाही ती वाटेत गोठून पुन्हा वितळलेली नसेल कशावरून?

ते तपासायची एक रीत आहे. गोठलेली बाटली मुठीत धरून वितळवायची. मग ती आणि संशयातली बाटली, दोन्ही एकदम हलवायच्या, शेजारी शेजारी ठेवायच्या आणि अर्धा तास नुसते बघत बसायचे. बिघडलेल्या लसीतले पांढरे कण पिठासारखे भराभर तळाशी बसतात. चांगली लस बराच वेळ ढगासारखी एकसारखी राहते.

सिस्टरांनी बाटली मुठीत घेतली. मग दोन्ही बाटल्या हलवून टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्यासमोर बसून राहिल्या. बावीस आया त्यांच्याकडे बघत होत्या.

"काय चाललंय?" नारळ सोलणारीने विचारले.

"बाटल्यांची शर्यत," मावशी म्हणाल्या. "बस गप."

एका बाटलीत तळाशी पीठ बसले. पाठोपाठ दुसरीत बसले. सिस्टरांनी तिसरी बाटली लावली, चौथी लावली. सगळ्यांत बसले. बाळे रडून रडून झोपली, ऊन व्हरांड्याच्या पायरीवर चढले.

मावशी वाकून म्हणाल्या, "बाई, खरं सांगा. ही टोचली तर बाळांना काही होईल?"

"नाही. अपाय नाही व्हायचा," सिस्टर म्हणाल्या. "पण उपायही नाही. नुसतं टोचल्यासारखं होईल."

"मग टोचा की. लांबून आल्यात बिचाऱ्या. समाधान तरी होईल."

मामा दुसरीकडे बघत होते. मला ठाऊक होते, त्यांच्याही मनात लाँच होती. आणि मित्रांनो, खरे सांगतो, ती लस टोचली असती तर कोणालाही कळले नसते. त्या दिवशी नाही, त्या वर्षीही नाही. पुढे कधीतरी त्यांतल्या एखाद्या बाळाचा घसा घटसर्पाने धरला असता, आणि तेव्हाही कोणी माझ्याकडे बोट दाखवले नसते. सिस्टर दुसऱ्या दिवशी लाँचवर चढल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत मुलगी त्यांच्या कडेवर असती.

त्यांचा हात माझ्या झाकणावर होता. हाताला घाम सुटला होता. मग उठल्या.

"ही लस खराब झालीय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "उन्हाने नाही, माझ्यामुळे. बर्फाला घाम सुटेपर्यंत थांबायचं असतं. मी थांबले नाही. आज कोणालाच टोचणार नाही. उद्या चांगली लस घेऊन परत येते."

मग नारळ सोलणारी उठली. "सकाळपासून बसवलंत. माझं आजचं काम गेलं. उद्याचंही घालवू? आमची पोरं काय तुम्हाला शिकायला आहेत?"

"तुमचं बरोबर आहे," एवढेच त्या म्हणाल्या. ती बाळाला खांद्यावर टाकून निघून गेली. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी गेल्या.

होडीत मामा म्हणाले, "मी सकाळी जरा जोरात बोलायला हवं होतं."

"तुम्ही बोललात मामा. मीच ऐकलं नाही."

"उद्याची लाँच जाईल."

"हो."

मामा एकटे परत जाऊन भागणार नव्हते, टोचायचा अधिकार सिस्टरांचाच.

संध्याकाळी त्या दगडावर चढल्या. मी नेहमीप्रमाणे पालथा.

"आई, माझी एक चूक झाली," त्यांनी सुरुवात केली आणि सगळे सांगितले. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे अजून आठ दिवस."

मग सासूबाईंचा आवाज आला. "किती पोरं आहेत तिकडे?"

"बावीस."

"मग त्यांचं नीट करूनच ये. इथे एकच आहे, आणि तिला आम्ही घरचे तिघं पुरून उरतो." मग त्या म्हणाल्या, "आणखी एक. रागावू नकोस. तो स्वेटर मी पहिल्याच दिवशी काढला. पोरीच्या पाठीवर घामोळं उठलं होतं. आता गेलंय."

सिस्टर हसल्या की रडल्या ते मला दिसले नाही.

"आणि ती झोपत नसते या वेळी," सासूबाई म्हणाल्या. "आज देते फोन. रडली तर रडू दे थोडी."

पोरगी रडली. पण थोडीच. मग फोनमध्ये नुसता तिचा श्वास येत राहिला, आणि सिस्टर त्या दगडावर उभ्या राहून तो ऐकत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी एकही सूचना दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर लाँच लागली होती. तिच्या मागे आमची होडी अडकून पडली. सिस्टर व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या, शेजारी चार आइस पॅक फडक्यावर मांडलेले. लाँचवर पोती चढली, माणसे चढली. तिने शिट्टी दिली. सिस्टरांनी एक पॅक उचलला, कानाशी धरून हलवला आणि पुन्हा खाली ठेवला.

"ताई, लाँच हलली. रस्ता मोकळा झाला," होडीवाले काका म्हणाले. "पाणी उतरतंय."

"काका, आत अजून आवाज नाही."

"भरती थांबायची नाही."

"माहीत आहे. मी चालत जाईन त्या पाण्यातून."

काकांनी मामांकडे पाहिले. मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि चौथा पॅक उचलून स्वतःच्या कानाला लावला. दोघे आळीपाळीने पॅक हलवत बसले, जशी काही रेडिओवर बातमी लागायची होती. लाँच लहान होत होत क्षितिजाला टेकली, तेव्हा कुठे पाणी वाजले.

काकांचे म्हणणे खरे ठरले. होडी वाळूपासून लांबच थांबली. मामांनी मला डोक्यावर घेतले, सिस्टरांनी बाजूने धरले, आणि आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून निघालो. मध्येच मामांचा पाय घसरला. मी तिरका झालो आणि माझा तळ पाण्यातून वर आलेल्या एका दगडावर घासला. हाच तो ओरखडा. पण झाकण सुटले नाही. त्या वेळी मात्र माझ्या घट्टपणाचे चीज झाले.

व्हरांड्यात एकवीस बाळे होती. मला धक्काच बसला. मावशी म्हणाल्या, "न येऊन जातील कुठे? बेट आहे हे." पण मागाहून कळले, त्यांनीच सकाळी दारोदार जाऊन सांगितले होते, की बाई आपली चूक स्वतःच्या तोंडाने बोलली, म्हणजे लस खरी आणेल.

बाविसावी आली नव्हती. सगळ्यांचे उरकल्यावर सिस्टरांनी मला खांद्याला अडकवले आणि मावशींनी दाखवलेल्या वाटेने गेल्या. नारळ सोलणारी अंगणात पहारीवर नारळ आपटत होती. बाळ शेजारी टोपलीत होते. तिने मान वर केली नाही.

"आज थांबलात का?" तिने विचारले.

"थांबले. लाँच गेली, तरी थांबले."

तिने हात पुसले, पुढे आली आणि म्हणाली, "दाखवा."

सिस्टरांनी एक पॅक काढून दिला. तिने तो कानाशी धरला, हलवला. पुन्हा हलवला. मग टोपलीतून बाळाला उचलून मांडीवर घेतले आणि त्याचा पाय स्वतः पुढे केला.

पुढचे आठ दिवस आम्ही मोठ्या बेटावर होतो. काम संपले होते, लाँच नव्हती. सिस्टरांनी दवाखान्याची नोंदवही नीट लिहून काढली, मामांनी आरशाची काच पुसून पाहिली, उपयोग झाला नाही. संध्याकाळी एकच फोन होई. मी बहुतेक वेळ बसायच्या स्टुलाचे काम केले. त्या आठ दिवसांत सिस्टरांनी माझे झाकण एकदाही उगाच उघडले नाही.

घरी काय झाले ते मला दिसले नाही, कारण मी कोठारात गेलो. पण सिस्टर मामांना सांगत होत्या ते ऐकले. मुलीने पहिला सबंध दिवस ओळखच दाखवली नाही, आजीच्या पदराआडून बघत राहिली. सिस्टरांनी तिला ओढून घेतले नाही. जवळच जमिनीवर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी ती आपली आपण येऊन मांडीवर बसली. "अनवाणी होती मामा," सिस्टर म्हणाल्या, "आणि मी काही बोलले नाही." मामा म्हणाले, "पाणी वाजलं म्हणायचं."

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे राबलो. मग नवे डबे आले. त्यांच्या भिंतींतच अशी सोय होती, की पॅक कितीही कडक असला तरी लस गोठू नये. मी मागच्या फळीवर गेलो. मामा निवृत्त झाले आणि मला धुणारे कोणी उरले नाही. एकदा कोणीतरी मला सहलीला नेले आणि माझ्यात सरबताच्या बाटल्या भरल्या. परत आणल्यावर मला ओलाच बंद करून ठेवले. तो वास माझ्या पोटात वर्षभर होता. याच दिवसांत बिजागरीही गेली. मला वाटले, संपले आता आपले.

पण एक दिवस फळीवरून मला दोन हातांनी उचलले. हात ओळखीचे होते. केसांत आता पांढऱ्या बटा होत्या. सिस्टर नव्या परिचारिकांना शिकवणाऱ्या झाल्या होत्या. त्यांनी मला साबणाने धुतले, झाकण उघडे ठेवून वाळवले आणि वर्गातल्या टेबलावर ठेवले. तेव्हापासून मी तिथेच आहे. प्रत्येक नव्या तुकडीला त्या माझा ओरखडा दाखवतात आणि एका बेटाची गोष्ट सांगतात. चूक कोणाची होती हे त्या कधीच लपवत नाहीत.

मित्रांनो, मला तुमच्याकडे काही मागायचेच असेल तर ते एवढेच. वापरून झालेली वस्तू धुऊन, वाळवून ठेवा, तीही कोणाच्या तरी कामाची असते. आणि ज्याला जपायचे त्याला घाईने जपू नका. आमच्यासारख्या घट्ट डब्यांना बोलता येत नाही, आणि लहान बाळांनाही येत नाही. त्यांचे ऐकायला कोणाला तरी थांबावे लागते.

आज सकाळीच एक नवी मुलगी वर्गात आली. घाईत होती, तिची बस चुकणार होती. तिने फ्रीझरमधून पॅक काढला आणि सरळ माझ्या पोटात ठेवायला लागली. सिस्टरांनी तिचा हात धरला, पॅक तिच्या कानाशी नेला आणि विचारले, "ऐकू येतंय काही?"

"नाही," ती म्हणाली.

"मग बस इथे," सिस्टर म्हणाल्या आणि स्वतःही खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या.